उभी ईव्ही (विजेवरची गाडी) महिन्यात झीरो होत नाही, त्या फॉरवर्डचा एकेक मुद्दा बघू

गेले काही दिवस सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, "गणपतीला गावाला जाताय? ईव्ही असेल तर सावधान". त्यात चार गोष्टी आहेत: उभ्या गाडीची बॅटरी रोज ५ टक्के उतरते, महिन्यात झीरो होऊन गाडी उघडतच नाही, एकदा झीरो झाली की बॅटरी कायमची गेली आणि ८ लाखांचा फटका, आणि म्हणून जाताना १०० टक्के करून चार्जर लावूनच ठेवा. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी हे वाचून बुकिंग कॅन्सल केलं. रिटायर झाल्यावर हौसेने घेणार होते, रोजचं रनिंग २५-३० किलोमीटर, पार्किंगमध्ये स्वतःचा चार्जिंग पॉइंट, म्हणजे ईव्ही घ्यायला याहून योग्य माणूस कोण, मला खरंच वाईट वाटलं म्हणून एवढं टाइप करतोय.

पहिलं, "रोज ५ टक्के". लिथियम आयन सेल नुसता पडून राहिला तर महिन्याला साधारण एक-दोन टक्के उतरतो, रोज नाही, महिन्याला. त्यावर गाडीतला थोडा इलेक्ट्रॉनिक्सचा खर्च येतो, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी सिस्टिम, अ‍ॅपसाठीचं सिमकार्ड वगैरे. माझ्या गाडीची बॅटरी ४० युनिटच्या (किलोवॉट-तासांच्या) आसपासची आहे, मे महिन्यात २३ दिवस कणकवलीला होतो, जाताना ६४ टक्के आणि आल्यावर ६२. म्हणजे पाऊण युनिटच्या आसपास, घरातला फ्रिज एवढं एका दिवसात खातो. त्याआधीच्या खेपेला मात्र ६ दिवसांत ४ टक्के गेले होते आणि त्याचं कारण मीच होतो, नवीन गाडी म्हणून दर दोन तासांनी अ‍ॅप उघडून बघायचो, आणि अ‍ॅप उघडलं की झोपलेली गाडी जागी होते आणि परत झोपायला वेळ घेते. तसंच चावी गाडीच्या अगदी जवळ ठेवली तरी काही गाड्या सारख्या जाग्या होतात.

मग ५ टक्के आले कुठून? फॉरवर्डमधला स्क्रीनचा फोटो नीट बघा, रेंज मैलांमध्ये आहे. तो परदेशातल्या टेस्लाचा आहे. टेस्ला आपल्या मॅन्युअलमध्येच सांगते की उभ्या गाडीत दिवसाला साधारण १ टक्का धरून चाला. पण त्यात सेन्ट्री मोड चालू ठेवला, म्हणजे गाडीचे कॅमेरे आणि कॉम्प्युटर चोवीस तास पहारा देत राहिले, तर दोनशे-अडीचशे वॉट सतत जातात, दिवसाला ५-६ युनिट झाले, ७५ युनिटच्या बॅटरीत सात-आठ टक्के. ही उतरलेली बॅटरी नाही, वापरलेली वीज आहे, घरात पंखा चालू ठेवून गावाला गेल्यासारखं. आणि बॅटरी २० टक्क्यांवर आली की तो मोड आपोआप बंदही होतो.

दुसरा मुद्दा, "गाडी उघडतच नाही". यात थोडं खरं आहे आणि म्हणूनच लोकांना पटतं, त्यामुळे इथे जरा थांबतो. ईव्हीमध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, जिच्यावर गाडी पळते, आणि एक छोटी १२ व्होल्टची, बऱ्याच गाड्यांत पेट्रोल गाडीत असते तशीच लेड-अ‍ॅसिडची. दरवाज्याचं लॉक, स्क्रीन, हे छोटीवर चालतं, आणि मोठ्या बॅटरीचा मेन स्विच म्हणजे कॉन्टॅक्टर ओढायलाही या छोटीचाच करंट लागतो. ती बसली की मोठीत ७० टक्के असून गाडी ढिम्म.

माझ्यासोबत झालंय हे. अ‍ॅक्सेसरीवाल्याने डॅशकॅमची वायर थेट १२ व्होल्टला जोडून दिली, तो पार्किंगमध्येही रेकॉर्ड करत राहिला, नवव्या दिवशी रिमोटला गाडी काही बोलेना. दरवाजा चावीने उघडला, मेकॅनिकने बाहेरून १२ व्होल्टचा सप्लाय दिला, दहा मिनिटांत स्क्रीन लागली, मोठी बॅटरी ७१ टक्के! पेट्रोलवाल्यांनीही आठवा, २०२० च्या लॉकडाऊननंतर किती सोसायट्यांमध्ये गाड्या स्टार्ट होईनात आणि जंप केबल घेऊन लोक फिरत होते. तोच आजार आहे, तीच काही हजारांची बॅटरी. काही ईव्हींमध्ये तिला चार्ज करणाऱ्या पार्टचाच प्रॉब्लेम निघालाय हेही सांगायला हवं, ह्युंदाईने आयोनिक ५ त्यासाठी २०२४ मध्ये रिकॉल केली. पण तो पार्टचा दोष आहे, गाडी उभी ठेवल्याचा नाही.

तिसरं, "झीरो म्हणजे बॅटरी गेली". स्क्रीनवरचा झीरो म्हणजे सेल पूर्ण रिकामे नव्हेत, कंपनी खाली थोडी शिल्लक राखून ठेवते. झीरोवर आलेली गाडी त्याच दिवशी चार्जिंगला लावली तर काही होत नाही. मात्र ५ टक्क्यांवर गाडी सोडून दोन-तीन महिने अमेरिकेला गेलात तर नुकसान होऊ शकतं, आणि बऱ्याच गाड्यांना ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी असली तरी अशा हलगर्जीपणावर कंपनी हात वर करू शकते, तेव्हा आपलं मॅन्युअल वाचून ठेवा.

आणि चौथा सल्ला, १०० टक्के करून ठेवा, हा मला सगळ्यात जास्त खटकला कारण लोक तो पाळतील. लिथियम बॅटरीला दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत, फुल चार्ज आणि उष्णता. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे उघड्यावर १०० टक्क्यांवर महिनाभर उभी केली तर गाडी न चालवताच बॅटरी म्हातारी होत जाते. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी त्यातल्या त्यात सोशिक, तिला अधूनमधून १०० करायला कंपन्याच सांगतात, पण तेही रोज गाडी चालवणाऱ्याला, महिनाभर उभी ठेवणाऱ्याला नाही. ५०-६० टक्क्यांवर, सावलीत, प्लग काढून, डॅशकॅम बंद करून निघा. गाडीत चार्ज लिमिटची सोय असेल तर लिमिट लावून प्लग ठेवला तरी चालेल. दोन-तीन महिन्यांसाठी जात असाल तर शेजाऱ्याकडे चावी द्या, पंधरा दिवसांनी अर्धा तास गाडी नुसती ऑन केली तरी मोठी बॅटरी छोटीला चार्ज करते.

काकांना मी कणकवलीच्या खेपेचे जाताना-येतानाचे दोन्ही फोटो पाठवलेत. शोरूमला फोन करतो म्हणालेत.