मधलीच इलेक्शन आहे म्हणून पोस्टाने घरी आलेलं बॅलट (मतपत्रिका) फेकून देऊ नका प्लीज

परवा फराळाला सगळे जमलो होतो, मतदानाचा विषय निघाला तर पंधरा-वीस वर्षं इथे राहिलेले, सिटिझन झालेले लोक म्हणतात, अगं यंदा काही मोठं नाहीये, प्रेसिडेंट थोडीच निवडायचाय! मला खरंच वाईट वाटलं.

2017 विसरलात का? वॉशिंग्टन स्टेटमधला आपलाच 45वा डिस्ट्रिक्ट (मतदारसंघ), रेडमंड, कर्कलंड, समामिश, वुडिनव्हिल. आपले स्टेट सिनेटर अँडी हिल, पूर्वी मायक्रोसॉफ्टमध्ये होते, 2016 च्या ऑक्टोबरमध्ये कॅन्सरने गेले. जागेवर तात्पुरते डिनो रॉसी नेमले गेले आणि उरलेल्या टर्मसाठी 2017 च्या नोव्हेंबरात पोटनिवडणूक लागली. आता हिशोब बघा, सिनेटमध्ये सगळे मिळून 49 जण, एक डेमोक्रॅट रिपब्लिकनांबरोबर बसायचा म्हणून त्यांचे 25 आणि समोर 24. म्हणजे अख्ख्या वॉशिंग्टन स्टेटची सिनेट कोणाच्या हातात जाणार ते आपल्या या चार गावांवर आलं होतं! दोन्हीकडून मिळून 80 लाख डॉलरच्या वर खर्च झाला तो उगाच नाही.

मी डेमोक्रॅट मंका धिंग्राला मत दिलं. भोपाळमध्ये जन्मलेली, इथे सरकारी वकील, ती निवडून आली आणि 25-24 उलटं झालं. स्टेटचा व्होटिंग राइट्स ॲक्ट (मतदान हक्काचा कायदा) किती वर्षं हाउसमध्ये, म्हणजे स्टेटच्या दुसऱ्या सभागृहात, पास होऊन सिनेटमध्ये अडकायचा, तो 2018 ला झाला, बंदुकीतून भराभर गोळ्या झाडता येणाऱ्या बंप स्टॉक या जोडणीवर बंदी आली. तुम्हाला हे पटो न पटो, पण झालं ते त्या एका जागेमुळे झालं.

मी तेव्हा नुकतीच सिटिझन झाले होते. बॅलटचं पाकीट आठवडाभर फ्रिजवर मॅग्नेटखाली, मग घाईत गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केली आणि बॅलटच्या पेटीत टाकलं. थोड्या दिवसांनी पत्र आलं, सही रेकॉर्डशी जुळत नाही, परत करून पाठवा. एवढ्या हजारो पाकिटांमधून माझी एक सही कोणीतरी नीट बघितली होती हो. त्या दिवशी डायनिंग टेबलावर बसून सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.

मंगळवारी, मतदानाच्या शेवटच्या दिवशी, रात्री 8 पर्यंत पेटी उघडी असते, स्टॅम्प लागत नाही. पाकिटावर सही करायला विसरू नका. कोणाला पेटीपर्यंत जायला राइड हवी असेल तर मेसेज करा, मी संध्याकाळी दोन चकरा मारणारच आहे.