पासष्टचा गुन्हेगार

प्रतीक्षालयात चार्जिंगसाठी एकच बोर्ड होता आणि माझ्या फोनने शेवटचा श्वास धरून ठेवला होता. मी चार्जर लावला, पाठ वळवली, आणि पाठीमागून आवाज आला, "कोणाचा हा?" बोर्डाशेजारच्या खुर्चीतल्या काकांनी माझा चार्जर उपटून मेलेल्या पालीसारखा वायरीने धरला होता. दुसऱ्या हातात भिंग.

"पासष्ट वॅट लिहिलंय यावर. बाकी सगळे वीसचे आहेत. मी तपासलेत."

काकांना ही नेमणूक कोणी दिली होती, कळलं नाही. पण आजूबाजूचे वीसवाले माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले, जणू मी तिघांच्या वाटची वीज पिशवीत भरून निघालो होतो.

"काका, पासष्ट ही त्याची कमाल कुवत. फोन मागेल तेवढंच तो देतो. माझा फोन पंचवीसच्या वर मागत नाही."

"आज नाही मागत. उद्याचं कोणी सांगावं?"

खरं तर इथेच गप्प बसायला हवं होतं. पण शाळेत भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. वॅट म्हणजे सेकंदाला एक जूल, शंभरेक ग्रॅमचं वजन एका सेकंदात मीटरभर उचलायला लागेल तेवढी शक्ती, इथपासून मी सुरुवात केली. फोनच्या बॅटरीत सगळी मिळून साधारण १९ वॅट-अवर ऊर्जा मावते (एक वॅट तासभर चालला की एक वॅट-अवर). मीटरवरचं एक युनिट म्हणजे १००० वॅट-अवर. गळती धरली तरी एका युनिटमध्ये असे चाळीसेक फोन भरतील. हे सगळं मी बोटांवर मोजून दाखवलं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते असू दे. तासाला किती वॅट?"

तासाला वॅट! हा प्रश्न मला आजवर सुशिक्षित, पगारदार, एरवी निरुपद्रवी अशा अनेक लोकांनी विचारला आहे आणि दर वेळी कानशिलं तापली आहेत. "अहो, गाडी ताशी साठने चालली असेल तर 'तासाला किती ताशी साठ' असं विचारतं का कोणी? वॅट हा वेगच आहे!"

"वेग ना? मग बरोबर. तुम्ही पळत ओढणार, आम्ही सावकाश. इथे म्हातारी माणसं बसली आहेत."

माना डोलल्या. 'लवकर ओढून लवकर उठेन' हा माझा मुद्दा कोणीही ऐकला नाही. चिडून मी जेम्स वॅटला मध्ये घेतलं. वाफेच्या इंजिनाची ताकद गिऱ्हाइकांना समजावी म्हणून त्याने घोडा मोजला: मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट वर. आजच्या हिशोबात ७४६ वॅट. गंमत म्हणजे वॅट हे एकक वॅटने कधी ऐकलंच नाही. तो वारला १८१९ साली आणि त्याचं नाव एककाला द्यावं असं सीमेन्सने सुचवलं ते १८८२ मध्ये.

कोपऱ्यातले एक गृहस्थ झोपेतून उठून म्हणाले, "घोडा कोणाचा?"

शांत बसलेला माणूसदेखील साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. मी त्या वेळी किती टाकत होतो, ते काकांनी तपासायला हवं होतं.

एवढ्यात एक बाई बाळाच्या दुधाच्या पाण्यासाठी किटली घेऊन आल्या. काकांनी लगबगीने जागा करून दिली, शिरस्त्याप्रमाणे किटली उलटी करून भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघा! दीड! एवढी मोठी वस्तू, आणि फक्त दीड!"

दीड किलोवॅट. १५०० वॅट. लिटरभर पाणी साडेतीन-चार मिनिटांत उकळलं. तेवढ्या विजेत माझा फोन चार वेळा भरला असता. बाळाबद्दल माझी तक्रार नाही. त्या 'दीड'बद्दल आहे.

पण एकट्या काकांना तरी किती झोडायचं? एकच गोष्ट मोजायची, तर पंप अश्वशक्तीत, इन्व्हर्टर व्हीएमध्ये, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, त्यात आकडा वॅटपेक्षा फुगलेला दिसतो. एसी टनात, आणि तो टन वजनाचा नव्हे, दिवसभरात टनभर बर्फ वितळवण्याइतकी उष्णता उपसण्याचा, सुमारे ३.५ किलोवॅट. तीही उष्णता, वीज किती खाणार ते वेगळ्या चिठ्ठीवर. पॉवर बँकेवर १०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) ठळक अक्षरांत, पण तो हिशोब आतल्या ३.७ व्होल्टचा. बाहेर ५ व्होल्टवर त्यातले फार तर सहा-साडेसहा हजार हाती लागतात. विमानात नेताना मात्र १०० वॅट-अवरची मर्यादा बघतात, म्हणजे बारीक अक्षरांतलाच आकडा शोधायचा. एकाची दुसऱ्याशी तुलनाच करता येऊ नये, अशी ही व्यवस्था कोणीतरी मन लावून केलेली दिसते.

माझ्याकडे एक स्पीकर आहे. खोक्यावर लिहिलंय '२००० वॅट पीएमपीओ', म्हणजे म्हणे क्षणभराची कमाल ताकद. सोबतचा अॅडॉप्टर १२ व्होल्ट, २ अँपिअर. म्हणजे २४ वॅट. उरलेल्या १९७६ वॅटांबद्दल खोक्यावर कुठेही खुलासा नाही.