वरचा एक रुपया

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबेल, कंटाळा आला तर पुढं सरका.

सकाळी भर पावसात गावच्या वाचनालयासाठी देणगीचं पावतीपुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरत होते. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं आमचं गाव. वाचनालयाचं छप्पर गळतंय आणि मराठी पुस्तकांच्या दोन कपाटांना बुरशी आलीय. एका भाईंच्या सोप्यावर बसले. चहा आला. पुस्तक उघडलं तसा पहिला प्रश्न, "८०जी आहे?" (आयकराचं कलम ते; ज्या संस्थेला ते मिळालंय तिला दिलेल्या देणगीवर करात सूट मिळते.) नाही म्हटलं. "मग कशाला? आणि असलं तरी मी टॅक्सच्या नव्या रिजीममध्ये, तिथं त्याची सूट नाही."

बोलले ते शंभर टक्के खरं. नव्या पद्धतीत ८०जी नाहीच. पण गेल्या चतुर्थीला गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या माटोळीवर किती उधळले ते फोटोंसकट सगळ्या वाड्याला माहीत आहे. तेव्हा कुठलं कलम लागलं होतं?

मला बाबांचे २००१ आठवले. तीन-चार वर्षांपूर्वी एका विशेष मुलांच्या शाळेला त्यांनी पाकिटात घालून रोख २००१ रुपये दिले. संस्थेला ८०जी होतं, बाबा जुन्या पद्धतीत. पावती घेऊन सीएकडे गेले, तर तो म्हणाला, "आजोबा, रोख २००० पर्यंतच चालते. वर एक रुपया गेला की सगळीच रक्कम बाद." त्या शकुनाच्या एका रुपयानं पावती मेली! मी तिथंच हिशोब केला. ५० टक्के वजावट म्हणजे हजार, त्यावर २० टक्के कर आणि करावरचा सेस. गेले किती? २०८ रुपये.

आता सांगा, २०८ रुपयांसाठी कोण दान करतं? दहा हजार द्या, त्यातले पाच हजार करपात्र उत्पन्नातून वजा होतात, आणि २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर हातात १०४० परत. उरलेले ८९६० तुमच्याच खिशातून गेले ना? तरी लोक म्हणतात, "टॅक्स वाचवायला देणगी देतो." गणितात नापास झालेले लोक आपल्या गावात इतके आहेत हे आज कळलं.

बरं, कायदा कडक का झाला तेही माहीत आहे. काही लोक देणगी चेकनं द्यायचे, कमिशन कापून रोख परत घ्यायचे, वर खोट्या पावत्या. म्हणून तर आता संस्थेला प्रत्येक देणगीदाराचा तपशील १०बीडी नावाच्या फॉर्मात भरावा लागतो आणि देणगीदाराला संस्थेकडून १०बीई प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय वजावट नाही. ठीक आहे, मान्य. पण १०बीडीला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये लेट फी. आमच्या वाचनालयाचे सेक्रेटरी निवृत्त मास्तर, त्यांना पोर्टलचा ओटीपी सापडत नाही. ते कुठून ८०जी आणणार? आणि तुम्ही शंभर पुस्तकं नेऊन दिलीत तरी त्याची वजावट शून्य. वस्तू चालत नाहीत, पैसेच लागतात.

  

भाईंवर उगाच घसरले का मी? मुलाच्या शिक्षणाचं कर्ज आहे त्यांच्यावर, ऐकून आहे. देऊ नका, हरकत नाही. "जमत नाही" म्हणायचं होतं. चहा पाजून कलम कशाला दाखवलंत?

सीएकडून परत येताना मी बाबांना म्हटलं होतं, "पुढच्या वेळी २००० द्या ना." म्हणाले, "शून्यावर संपलेलं पाकीट कुणाच्या हातात कसं द्यायचं?" पुढच्या वर्षी पुन्हा २००१, पुन्हा रोख. मी वैतागले, ते हसले.

आज घरी येऊन बाबांना भाईंची गोष्ट सांगितली. काही बोलले नाहीत. मी दुपारी झोपून उठले तर टेबलावर पाकीट, कोपऱ्याला हळद लागलेली. मोजले. २०००, आणि वर नाणं. पावती फाडायला बसलेय. पॅनचा रकाना मोकळा सोड म्हणतात.