घरी खूप बोलते हो!

मुलांची नावं ठेवताना जरा दम धरावा, असं माझं आता स्पष्ट मत झालंय. आम्ही घाई केली आणि मुलीचं नाव ठेवलं वाणी. परवा ती पाच वर्षांची झाली. या पाच वर्षांत चारचौघांत तिच्या तोंडून निघालेले सगळे शब्द बसच्या एका तिकिटामागे मावतील, तेही मोठ्या अक्षरात. माझ्या आत्याला तर 'नाव सोनूबाई' एवढंच म्हणून पुढची म्हण माझ्याकडे बघत गिळायची सवय लागली आहे.

"बोलत नाही का हो ही?"

"घरी खूप बोलते हो!"

हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय, की खरं असूनही आता मलाच खोटं वाटतं. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'असू दे, असू दे' असा भाव येतो. जणू मी सांगतोय, की आमच्या बाथरूममध्ये डॉल्फिन आहे, फक्त पाहुणे आले की बुडी मारतो.

त्यात वाढदिवस. कोणी टक लावून बघितलं तरी ज्याला कसंतरी होतं, अशा माणसाला मध्ये उभं करायचं, भोवती वीसजणांनी कडं करायचं, दिवे घालवायचे, नाकासमोर आग धरायची आणि त्याचंच नाव घालून बेसूर ओरडायचं. ऑफिसात माझ्याशी कोणी असं वागलं तर मी राजीनामा देईन. त्या गाण्याची चाल मुळात दोन अमेरिकन बहिणींची, १८९३ साली छापलेली, आणि शब्द होते बालवाडीत सकाळी 'सुप्रभात' म्हणण्याचे. पुढे मेणबत्त्या कुठून घुसल्या कोण जाणे.

फुगे ही माझी हौस. गाल दुखेपर्यंत चाळीस फुगवले. वाणी दारात उभी राहून एकेका फुग्याकडे अशी बघत होती, जसं आपण जिन्यात झोपलेल्या अनोळखी कुत्र्याकडे बघतो.

"फुटतील," ती म्हणाली.

"नाही गं फुटत."

२०१७ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी फुगा फुटल्याचा आवाज मोजला, तो १६८ डेसिबलपर्यंत गेला. बारा बोअरच्या बंदुकीच्याही वर. हे मला नंतर कळलं. वाणीला ते वाचता येत नसूनही आधीच माहीत होतं. संध्याकाळी तिचा आतेभाऊ पहिल्या फुग्यावर बसला, तेव्हा ती टेबलाखाली पोचलेली होती. फुटल्यावर नाही, तो बसायला वाकला तेव्हाच.

तिला बाहेर काढलं, तर मामा समोर. "किती वर्षांची झालीस?"

वाणीने पाच बोटं दाखवली.

"तोंडाने सांग ना!"

तिने पुन्हा पाच बोटं दाखवली. यावेळी एकेक करून, सावकाश. मामाला मोजता येत नसावं, असं तिला वाटलं.

भेटवस्तू घेताना 'थँक्यू म्हण' असं मी तिला एकदाच सुचवलं. पुढची सगळी थँक्यू मीच म्हटली. शेवटच्या चार-पाच तर बारीक आवाज काढून.

मग मेणबत्ती. वाणीने ज्योतीकडे बराच वेळ बघितलं आणि इतकी हळू फुंकर घातली, की ज्योत जराशी वाकली आणि परत सरळ झाली. नमस्कार-चमत्कार झाल्यासारखं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या खेपेला शेजारच्या मुलाला राहवलं नाही, त्याने थुंकीसकट विझवून टाकली. टाळ्या पडल्या. सगळ्यात मनापासून वाणीच्या.

खोटं कशाला बोलू, मधल्या काळात मी धास्तावलो होतो. रात्री जागून वाचत बसायचो. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या नवरा-बायकोने १९५६ पासून शंभरावर मुलांचे स्वभाव वर्षानुवर्षं तपासले. त्यातली साधारण १५ टक्के निघाली 'हळूहळू रुळणारी': नवं माणूस दिसलं की आधी मागे सरकायचं, लांबून पारखायचं, पटलं तर पुढे यायचं. हे सगळं मी आत्याला समजावून सांगितलं.

"म्हणजे तुझ्या सासऱ्यांवर गेलीय," आत्या म्हणाली. न्यूयॉर्कचा विषय तिथेच मिटला.

पाहुणे गेले. दिवे मालवले. पांघरुणातून डॉल्फिन वर आला.

"बाबा, मामाच्या डाव्या मोज्याला भोक आहे. अंगठ्याजवळ. म्हणून तो तो पाय सारखा दुसऱ्या पायाखाली घेत होता. आत्याआजीने केकवरचं प्लॅस्टिकचं फूल पर्समध्ये टाकलं. आधी पुसलं, मग टाकलं. आणि निळ्या शर्टवाल्या काकांनी जोक सांगितला ना, तेव्हा आई एकदा हसली आणि तू दोनदा हसलास."

"मग?"

"पहिल्यांदा तुला कळलाच नव्हता."

निळ्या शर्टवाले काका म्हणजे आमचे साहेब. जोक मला दुसऱ्यांदाही कळला नव्हता, पण ते मी तिला सांगितलं नाही. हा अहवाल पाऊण तास चालला. मध्ये मी दोनदा डुलकी काढली, ती दोन्ही वेळा थांबली आणि मला हलवून पुढे सुरू झाली.

शेवटी मीच विषय बदलला. "पुढच्या वाढदिवसाला कोणाकोणाला बोलवायचं?"

तिने अंधारात बोटं मोजली. आई. आजी. आणि शाळेत शेजारी बसणारी एक मैत्रीण, जिचा आवाज आम्ही अजून ऐकलेला नाही.

"आणि मी?"

वाणी विचारात पडली.

"ये," ती म्हणाली. "पण फुगे नको आणूस. आणि गाणं मनात म्हण."