सर्वोत्तम आहे, तर मग दाराचं भाडं कशाला?

गूगलवर होणाऱ्या खटल्यांबद्दल एक संदेश सध्या बराच फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: गूगल मोठी झाली कारण ती सर्वोत्तम आहे. कुणाच्या मानेवर सुरी ठेवून कोणी तिला वापरायला लावत नाही, दुसरं सर्च इंजिन एका क्लिकवर आहे. सगळं फुकट असल्यामुळे ग्राहकाचं नुकसान शून्य. अँड्रॉइड तर तिने जगाला दानच दिलं. आता एआय आल्यामुळे मक्तेदारीचा प्रश्नच उरला नाही. तरीही देशोदेशीची सरकारं दंड ठोकत सुटली आहेत, कारण त्यांना दुसऱ्याचं यश बघवत नाही. हिंमत असेल तर बाजारात हरवून दाखवा.

संदेश चटकदार लिहिला आहे. त्यातलं पहिलं वाक्य तर बऱ्याच अंशी खरंही आहे, आणि त्या एका खऱ्या वाक्याच्या आडोशाने बाकीची वाक्यं आत शिरतात.

‘उत्तम आहे म्हणून मोठी आहे’

मान्य. न्यायाधीश अमित मेहता यांनाही मान्य आहे. अमेरिकेच्या न्याय विभागाने केलेल्या सर्चच्या खटल्याचा निकाल त्यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी दिला. गूगल योगायोगाने इथवर पोचलेली नाही, तिने हुशार इंजिनिअर नेमले, सातत्याने सुधारणा केल्या आणि धंद्याचे चतुर निर्णय घेतले, असं त्यांनी त्यात स्वच्छ लिहिलं आहे. गूगल मक्तेदार आहे आणि ती मक्तेदारी टिकवण्यासाठी तिने कायदा मोडला, हेही त्याच निकालात आहे.

या दोन वाक्यांत विसंगती दिसते ती आपण प्रश्न चुकीचा विचारतो म्हणून. अमेरिकेचा १८९० चा शर्मन कायदा असो की भारताच्या २००२ च्या स्पर्धा कायद्याचं चौथं कलम, मोठं असणं हा दोन्हीकडे गुन्हा नाही. पहिला नंबर आला म्हणून कोणी मुलाला शिक्षा करत नाही. पण त्या मुलाने पुढच्या वर्षी सगळी परीक्षा केंद्रंच भाड्याने घेतली आणि बाकीच्यांना फाटकावर थांबवलं, तर ‘तो हुशार आहेच की’ हे उत्तर पुरत नाही. (जे लोक केवळ आकाराकडे बोट दाखवून ‘तोडा ही कंपनी’ म्हणतात, तेही साप म्हणून भुई धोपटत असतात, हेही इथेच सांगून टाकतो.)

‘दुसरं सर्च इंजिन एका क्लिकवर आहे’

कंपनीही वर्षानुवर्षं हेच सांगत आली आहे, आणि इथेच घोडं पेंड खातं.

फोन किंवा ब्राउझर उघडल्यावर आपोआप गूगलच यावं, म्हणजे ती ‘डीफॉल्ट’ असावी, यासाठी कंपनीने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर वाटले. मिळवणारे होते फोन बनवणारे, मोबाइल सेवा कंपन्या आणि ब्राउझरवाले. एकट्या ॲपलला २०२२ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलर मिळाले. ॲपलच्या सफारी ब्राउझरमधून येणाऱ्या सर्चच्या जाहिरात महसुलातला ३६ टक्के हिस्सा ॲपलला जात होता. हा आकडा खरं तर गुप्त राहायचा होता. सुनावणीत गूगलच्याच बाजूच्या अर्थतज्ज्ञाच्या तोंडून तो निसटला.

दुसरं इंजिन एका क्लिकवर असेल, आणि आपणच सर्वोत्तम असल्यामुळे लोक तो क्लिक करून आपल्याकडे येणारच असतील, तर एवढा पैसा कशासाठी? लोक तो क्लिक करत नाहीत, हे पैसे देणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. त्याचा उत्तम पुरावा गूगलच्या नव्हे, मायक्रोसॉफ्टच्या घरात सापडतो. तिच्या एज ब्राउझरमध्ये डीफॉल्ट तिचंच सर्च इंजिन, बिंग, आहे. तिथेही गूगल एका क्लिकवरच आहे, आणि ती जास्त चांगली आहे असं बहुतेकांचं मत. तरी एजवरच्या सर्चमध्ये बिंगचा वाटा सुमारे ८० टक्के. जे समोर ठेवलंय ते आपण वापरतो, इतकी साधी गोष्ट आहे ही. अमेरिकेतले जवळजवळ निम्मे सर्च अशा करारांनी बांधलेल्या दारांतून होतात, असं न्यायालयाला आढळलं.

यावर संदेशवाल्यांचं ठेवणीतलं उत्तर असतं: दुकानात दर्शनी फळीवर माल मांडायलाही कंपन्या पैसे देतातच की! देतात. पण तिथे शेजारच्या फळीवर दुसऱ्याचा माल असतो. इथे ज्याच्याकडे आधीच नव्वद टक्के बाजार आहे, तो जवळजवळ प्रत्येक मोठ्या दुकानाची एकमेव दर्शनी फळी घेत होता आणि तिथे दुसऱ्या कुणालाही मांडायचं नाही असं लिहून घेत होता.

त्यातून पुढे जे घडतं ते जास्त गंभीर आहे. सर्च इंजिन वापराने शिकतं. कुठल्या प्रश्नाला लोकांनी कुठलं उत्तर उघडलं, कुठून लगेच परत आले, शब्द बदलून पुन्हा काय शोधलं, या खुणांवर त्याची गुणवत्ता वाढते. नेहमीचे प्रश्न कुणालाही जमतात. कस लागतो तो क्वचित विचारल्या जाणाऱ्या, आडवळणाच्या प्रश्नांवर, आणि ते पुरेशा संख्येने फक्त मोठ्याकडेच येतात. अमेरिकेत गूगलकडे रोज येणारे प्रश्न सगळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या एकत्रित प्रश्नांच्या नऊ पट आहेत, मोबाइलवर तर एकोणीस पट. म्हणजे ‘उत्तम आहे म्हणून लोक येतात’ हे खरं, तसं ‘लोक येतात म्हणून उत्तम आहे’ हेही खरं. आणि लोक कुठे येणार हे ठरवणारी दारं करारात अडकलेली. गूगलच्या जाहिरात विभागाच्या माजी प्रमुखाने २०१९ मध्ये नीव्हा नावाची सर्च कंपनी काढली. ज्ञान, पैसा, माणसं यातलं काही कमी नव्हतं. २०२३ मध्ये सर्च बंद करावा लागला.

ॲपलचीही गंमत बघा. स्वतःचं सर्च इंजिन काढण्याची ताकद जगात ज्या मोजक्या कंपन्यांकडे आहे, त्यांतली ती एक. पण हात न हलवता वर्षाला २० अब्ज डॉलर येत असतील तर ती त्या भानगडीत पडेल कशाला?

सत्या नडेला यांनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये साक्ष देताना, लोकांना इथे निवड आहे हे म्हणणंच खोटं आहे, असं सांगितलं. मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखाने हे सांगावं यात विनोद आहेच. १९९८ मध्ये विंडोजच्या जोरावर नेटस्केप या प्रतिस्पर्धी ब्राउझरची कोंडी केल्याबद्दल याच न्याय विभागाने मायक्रोसॉफ्टला न्यायालयात खेचलं होतं. पण साक्षीदाराचा इतिहास काढल्याने साक्ष खोटी ठरत नाही.

‘फुकट आहे, मग नुकसान कुणाचं?’

पैसे जाहिरातदार भरतात. सर्चच्या मजकूर-जाहिरातींचे दर गूगल स्पर्धेची फिकीर न करता वाढवू शकली, असा निष्कर्ष निकालात आहे. जाहिरातीचा खर्च विक्रेता पदरचा थोडाच घालतो, तो मालाच्या किमतीत येतो.

दुसरं नुकसान दिसत नाही म्हणून मोजलं जात नाही. सर्चची गुणवत्ता बरीच खालावली तर महसुलावर काय परिणाम होईल, याचा अभ्यास कंपनीने २०२० मध्ये स्वतःच केला. फारसा होणार नाही, असं उत्तर निघालं. गूगलने मुद्दाम गुणवत्ता पाडली असं मी म्हणत नाही. पण ‘आपण वाईट झालो तरी गिऱ्हाईक कुठे जाणार नाही’ हे ज्याला माहीत असतं, त्याच्या धंद्याला स्पर्धा म्हणत नाहीत.

‘अँड्रॉइड तर दान दिलं’

अँड्रॉइडचा मूळ गाभा खुला आहे, कोणीही घ्यावा. पण प्ले स्टोअरशिवायचा फोन आज बहुतेक बाजारांत कोण घेणार? आणि प्ले स्टोअर त्या खुल्या भागात नाही. ते हवं तर करार करा. या करारांतली अट अशी होती: गूगल सर्च आणि क्रोमही सोबत घ्या, आणि अँड्रॉइडची वेगळी, मंजुरी नसलेली आवृत्ती असलेलं दुसरं कुठलंही उपकरण विकू नका. युरोपियन युनियनची कारभारी संस्था असलेल्या युरोपियन कमिशनने २०१८ मध्ये यासाठी ४.३४ अब्ज युरो दंड केला, तो पुढे न्यायालयात ४.१२५ अब्जांवर आला. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये जवळपास याच मुद्द्यांवर १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड लावला. अपीलीय न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, मात्र आयोगाच्या दहांपैकी चार सूचना रद्द केल्या.

युरोपातल्या आदेशानंतर जे झालं ते मला दंडापेक्षाही बोलकं वाटतं. नव्या फोनवर वापरकर्त्याला सर्च इंजिन निवडायला द्यायचं ठरलं. त्या निवडीच्या यादीत जागा कुणाला? गूगलने २०२० मध्ये त्या जागांचा लिलाव मांडला. म्हणजे गूगलने दार अडवलं म्हणून जे प्रतिस्पर्धी तक्रार करत होते, त्यांनीच आता आत यायला गूगलला पैसे मोजायचे! बरीच ओरड झाल्यावर २०२१ मध्ये ती यादी मोफत झाली.

‘एआय आलं, मक्तेदारी संपली’

एवढं मात्र खरं की एआयमुळे चित्र हललं आहे. म्हणून तर मेहतांनी २ सप्टेंबर २०२५ च्या आदेशात क्रोम विकायला लावलं नाही. डीफॉल्टसाठी पैसे देण्यावरही सरसकट बंदी घातली नाही, फक्त एकाधिकाराचे करार बंद केले. पण त्या बंदीत सर्च आणि क्रोमच्या जोडीला जेमिनी या गूगलच्या एआयचंही नाव आहे. जुनी युक्ती नव्या खोलीतही चालेल, हे न्यायाधीशांनी ओळखलं होतं. संदेश लिहिणाऱ्याने आदेशाचा फक्त पहिला भाग वाचलेला दिसतो.

‘सरकारांना यश बघवत नाही’

सर्चचा खटला ऑक्टोबर २०२० मध्ये ट्रम्प यांच्या काळात दाखल झाला आणि बायडन यांच्या काळात चालला. एरवी कशावरही एकमत नसलेल्या दोन राजवटी, आणि तीही गूगलच्याच मायदेशी. एप्रिल २०२५ मध्ये जाहिरात तंत्रज्ञानाच्या वेगळ्या खटल्यात न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनीही कंपनीविरुद्ध निकाल दिला. गूगल प्रत्येक वेळी हरते असंही नाही. ॲडसेन्स या तिच्या जाहिरात-सेवेबद्दलचा युरोपातला १.४९ अब्ज युरोंचा दंड न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्दच केला. प्ले स्टोअरच्या बिलिंगबद्दलचा भारतातला ९३६.४४ कोटींचा दंड अपिलात २१६.६९ कोटींवर आला. खंडणी असती तर अपिलात कमी झाली नसती.

राहता राहिलं ‘बाजारात हरवून दाखवा’. ब्रिटनमध्ये एका दांपत्याने २००६ मध्ये फाउंडेम ही किमतींची तुलना करणारी साइट सुरू केली. थोड्याच दिवसांत ती गूगलच्या निकालांत खूप खाली ढकलली गेली. २००९ मध्ये त्यांनी युरोपियन कमिशनकडे तक्रार केली. चौकशीत आढळलं की गूगल स्वतःची तुलना-सेवा सर्वांत वर मांडते, आणि प्रतिस्पर्ध्यांतली सर्वांत वरची सेवासुद्धा सरासरी चौथ्या पानावर असते. लोकांचे सुमारे ९५ टक्के क्लिक पहिल्याच पानावर संपतात. २०१७ मध्ये २.४२ अब्ज युरोंचा दंड झाला. गूगलची मालक कंपनी अल्फाबेटचा २०२४ चा नफा सुमारे १०० अब्ज डॉलर होता, त्या हिशेबाने ही फार तर दहा दिवसांची कमाई. गूगल अपिलात गेली, हरली, पुन्हा अपिलात गेली. युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने १० सप्टेंबर २०२४ रोजी दंड कायम केला, तेव्हा फाउंडेम बंद पडून आठ वर्षं झाली होती.