हरलात? मग बंदी मागा

लॅडरवर, म्हणजे ऑनलाइन पोकेमॉन खेळणाऱ्यांच्या क्रमवारीत, सलग चार मॅच हरल्यावर माणसाला दोन गोष्टी करता येतात. एक, शांतपणे रिप्ले लावून आपण कुठे चुकलो ते बघणं. दुसरी, ज्या पोकेमॉनने हरवलं त्याच्यावर बंदी आणा म्हणून ओरडणं. हा लेख दुसरी गोष्ट करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. रिप्ले बघणाऱ्यांनी इथूनच परत फिरावं. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणूनच आम्ही हरतो.

ज्यांचा पोकेमॉनशी संबंध कार्टून नेटवर्कवरच्या हिंदी डबिंगपाशी आणि पाकिटातून निघणाऱ्या टॅझोंपाशी संपला, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. अ‍ॅश आणि पिकाचू कधीच मागे पडले. आता शोडाउन नावाचा सिम्युलेटर ब्राउझरमध्ये फुकट चालतो. तिथे पोकेमॉन पकडावे लागत नाहीत की वाढवावे लागत नाहीत. सहा जणांची टीम दहा मिनिटांत लिहून काढायची आणि दुनियेतल्या कुणाशीही भिडायचं. कुठल्या पोकेमॉनने कुठल्या वर्गात खेळायचं हे २००४ पासून स्मोगॉन या संकेतस्थळावरची मंडळी ठरवतात. सगळ्यात जास्त खेळला जाणारा वर्ग ओयू, म्हणजे ओव्हरयूज्ड. त्याखाली यूयू, आरयू, एनयू, पीयू अशी उतरंड. ओयूला जो झेपत नाही त्याची रवानगी वर, उबर्समध्ये. म्हणजे ज्याला शिक्षा होते त्याला बढती मिळते. सरकारी नोकरीत असलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता मुद्द्याची अडचण. बंदी घालायची की नाही हे ठरवायला ‘सस्पेक्ट टेस्ट’ होते, आणि त्यात मत द्यायचं तर आधी खेळावं लागतं. नवं खातं उघडायचं, ठरलेल्या मुदतीत लॅडर चढायची, जीएक्सई नावाचा आकडा ठरावीक पातळीच्या वर न्यायचा. हा आकडा म्हणजे लॅडरवरच्या सर्वसाधारण खेळाडूला तुम्ही हरवण्याची शक्यता किती, याचा अंदाज. एवढं केलं की मताचा अधिकार. बंदीसाठी ६० टक्के मतं लागतात.

या भानगडीत अजिबात पडू नका. एकदा का तुम्ही त्या पोकेमॉनविरुद्ध तीस-चाळीस मॅच खेळलात की तुम्हाला त्याच्याविषयी माहिती होते, आणि माहिती झाली की मत डळमळतं. ‘तसा वाईट आहे, पण पाण्याचा एक जाडजूड पोकेमॉन ठेवला तर चालून जातं’ असली मिळमिळीत वाक्यं तोंडून निघायला लागतात. असल्या वाक्यांवर कुणी उत्तर देत नाही, कुणी भांडत नाही. मत नसलं तरी आवाज असतो, आणि त्याला जीएक्सई लागत नाही.

सुरुवात शब्दांपासून करा. बंदीसाठी स्मोगॉनच्या धोरणात तीन विशेषणं आहेत: ‘ब्रोकन’, ‘अनकॉम्पिटिटिव्ह’ आणि ‘अनहेल्दी’. ‘ब्रोकन’ म्हणालात तर आकडे द्यावे लागतील. ‘अनकॉम्पिटिटिव्ह’ म्हणालात तर त्याच्यामुळे खेळाडूच्या हातातला निर्णय कसा जातो ते दाखवावं लागेल. ‘अनहेल्दी’ला मात्र काहीच दाखवावं लागत नाही. तो प्राणी वातावरण बिघडवतो, एवढंच. कुणी पुरावा मागितलाच तर ‘लॅडरवर खेळून बघ’ असं सांगा. तुम्ही स्वतः खेळत नाही ही गोष्ट तुमच्या पोटातच राहू द्या.

पण एखादा चिवट गृहस्थ आकडे मागतोच. त्याच्यासाठी डॅमेज कॅल्क्युलेटर आहे. हे यंत्र प्रामाणिक आहे, त्यामुळे ते वापरताना तुम्हाला जरा कष्ट घ्यावे लागतील. प्रत्येक हल्ल्याचं नुकसान ८५ ते १०० टक्क्यांच्या मधल्या सोळा आकड्यांपैकी एका आकड्यावर पडतं. त्याचा हल्ला मोजताना सोळावा आकडा घ्या, तुमचा मोजताना पहिला. त्याचा फोकस ब्लास्ट ७० टक्के अचूकतेचा असला तरी कधी हुकत नाही, आणि तुमचा कधी लागत नाही. हे तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मग त्याला सजवा. पोकेमॉनला मेहनतीचे एकूण ५१० गुण मिळतात आणि एका गुणधर्मात जास्तीत जास्त २५२ टाकता येतात. हल्ला मोजताना त्याला हल्ल्यात २५२ द्या. तुमचा कोण त्याच्या पुढे पळतो हे तपासताना वेगात २५२ द्या. तुमचा हल्ला त्याला लागेल तेव्हा जिवात २५२ द्या. बेरीज ७५६ होते, पण तीन गणितं तीन वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिली तर कोण मोजतंय? वस्तूंचंही तेच. हल्ला करताना त्याच्या हातात चॉइस बँड, मार खाताना लेफ्टओव्हर्स, बर्फाचा हल्ला आला की ‘याची’ (Yache) नावाची बेरी. खऱ्या खेळात हातात एकच वस्तू मावते. मूव्ह चारच असतात, पण तुम्ही लिहिताना पाच-सहा लिहा: हा स्वोर्ड्स डान्स करून ताकद वाढवतो, अर्थक्वेकने पोलादाला मारतो, फायर ब्लास्टने उडणाऱ्या पोलादाला मारतो, सबस्टिट्यूटमागे लपतो, स्टेल्थ रॉकही टाकतो. असा प्राणी आजवर कुणाच्या टीममध्ये दिसलेला नाही, पण बंदी त्याच्यावरच घालायची आहे, हे लक्षात असू द्या.

जरा हाताला लागेल असा नमुना म्हणून पोकेमॉनच्या खेळांच्या चौथ्या पिढीतला गारचॉम्प घ्या. २००६ साली ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ आले तेव्हा हा जमीन-ड्रॅगन अवतरला आणि कानामागून येऊन तिखट झाला. त्याचा मूळ वेग १०२. आता बघा, त्या काळच्या ओयूत मूळ वेग १०० असलेल्यांची दाटी होती. सॅलमेन्स, झॅपडॉस, जिराची, सेलेबी, फ्लायगॉन, सगळे शंभरवाले. पूर्ण वेग आणि वेगाला साथ देणारा स्वभाव दिला तर शंभरवाला ३२८ वर थांबतो आणि गारचॉम्प ३३३ वर. पाचाचा फरक, पण पहिला हल्ला त्याचा. त्यात टायरॅनिटार मैदानात आला की वाळूचं वादळ सुरू, आणि त्या पिढीत ते आपोआप थांबत नसे. वादळात गारचॉम्पची सँड व्हेल ही क्षमता जागी होते आणि शंभर टक्के अचूक हल्लाही ऐंशी टक्क्यांवर येतो. बर्फाचा हल्ला त्याला चौपट लागायचा, पण हातातली ‘याची’ बेरी तो निम्मा करायची. तेवढ्यात एक स्वोर्ड्स डान्स, मग आउटरेज, मग तुम्ही खुर्ची मागे सरकवून छताकडे बघत बसायचं.

स्मोगॉनवर गारचॉम्प उबर्समध्ये गेला, आणि मला विचाराल तर योग्यच झालं. पण इथे एक धोका आहे. ही योग्य बाजू आहे म्हणून ती योग्य कारणांनी मांडायचा मोह होईल. तो टाळा. ‘पाच आकड्यांनी अख्खी टोळी मागे पडते आणि दर पाचवा हल्ला हुकतो’ असं म्हणालात तर समोरच्याला पटेल आणि चर्चा तिथेच संपेल. ‘या गारचॉम्पमुळे खेळाचा आत्मा मेला’ असं म्हणा. आत्म्यावर कॅल्क्युलेटर चालत नाही. पाचव्या पिढीत तर लोकांनी सँड व्हेललाच बाहेर काढलं आणि गारचॉम्पला दुसऱ्या क्षमतेसह परत घरात घेतलं. आठव्या पिढीत तो ओयूमध्ये मजेत नांदत होता आणि कुणी त्याच्याकडे वळूनही बघत नव्हतं. हे कुणी काढलंच, तर ‘ते दिवस वेगळे होते’ म्हणून विषय बदला.

बंदीच्या विरोधात असाल तर काम त्याहून सोपं. एकच वाक्य पुरतं: ‘मग तू अमुक ठेव ना.’ तो अमुक कितीही फालतू असो. सहा जागांपैकी एक जागा एका शत्रूसाठी अडवायची, दुसरी दुसऱ्यासाठी, तिसरी तिसऱ्यासाठी, आणि असे आठ शत्रू निघाले तर काय, हा प्रश्न समोरच्याने विचारला की त्याला ‘स्किल इश्यू’ म्हणा. नाचता येईना अंगण वाकडं, हे आपल्या मराठीत किती शतकं म्हणत आलोत. इंग्रजीत दोन शब्दांत झालं म्हणून त्याची किंमत वाढते.

सेजुन पार्कचं उदाहरणही खिशात असू द्या. २०१४ साली वॉशिंग्टनला झालेली जागतिक स्पर्धा या कोरियन खेळाडूने पचिरिसू घेऊन जिंकली. पचिरिसू म्हणजे निळ्या पट्ट्यांची विजेची खार, सगळ्या मूळ गुणांची बेरीज जेमतेम ४०५. खार जिंकू शकते तर बंदी कशाला, असं ठणकावून विचारा. ती स्पर्धा एका वेळी दोन-दोन पोकेमॉन उतरवून खेळायची होती आणि खारीचं काम शेजारच्यावर येणारे हल्ले अंगावर ओढून घेण्याचं होतं, हे सांगायची गरज नाही. त्याच टीममध्ये गारचॉम्पही होता, हे तर मुळीच सांगू नका.

दोन्ही बाजूंनी सांभाळून राहावं अशी काही नावं मात्र आहेत, कारण ती तुमच्या सगळ्या युक्तिवादांचा बोजवारा उडवतात. पहिलं नाव वोबफेट. होय, तोच, कार्टूनमधल्या जेसीच्या बॉलमधून न बोलावता बाहेर येऊन सलाम ठोकणारा निळा गोळा. त्याला स्वतःहून हल्लाच करता येत नाही, तरी तिसऱ्या पिढीत तो उबर्समध्ये होता. कारण शॅडो टॅग: तो समोर आला की तुम्हाला पोकेमॉन बदलता येत नाही, आणि तुम्ही जे माराल ते दुप्पट होऊन परत येतं. त्याचं पिल्लू वायनॉट, गुणांची बेरीज २६०, तेही बापाबरोबर हद्दपार. दुसरं नाव बिडूफ. पुढचे दात आलेला घूससदृश बीव्हर, बेरीज २५०. पाचव्या पिढीत त्याला मूडी ही क्षमता मिळाली: दर फेरीला एक गुण दोन पायऱ्या वर, दुसरा एक पायरी खाली, कुठला ते नशिबावर. नशिबाने चकवण्याचा गुण वर गेला की बिडूफला काहीच लागेना. मूडी शेवटी उबर्समधूनही हाकलावी लागली. म्हणजे साक्षात देवाच्या पंगतीत बसलेल्यांनाही या घुशीची लहर परवडेना. ‘फक्त बलवानांवरच बंदी घालावी’ असं तुम्ही कुठे लिहून बसला असाल तर ते आधी पुसून टाका.

तिसरं नाव हाउंडस्टोन, नवव्या पिढीतलं मेलेलं कुत्रं. त्याच्या लास्ट रिस्पेक्ट्स या हल्ल्याची ताकद ५०, आणि आपला प्रत्येक मेलेला साथीदार आणखी ५० वाढवतो. पाच साथीदार गमावून शेवटी ते आलं की ३००. आधी कुत्र्यावरच बंदी घातली. पुढे त्या हल्ल्यावरच बंदी आली आणि कुत्रं सुटलं. आता ते खालच्या वर्गात कुठेतरी पडलेलं असतं. इथे एक मोठा प्रश्न खरोखर आहे: बंदी प्राण्यावर घालावी, हल्ल्यावर, क्षमतेवर, की दोघांच्या जोडीवर? पाचव्या पिढीत पाऊस पाडणारा ड्रिझल आणि पावसात वेग दुप्पट करणारा स्विफ्ट स्विम एकाच टीममध्ये नको, असा नियम झाला आणि त्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा विषय निघाला की जे होतं तेच: गाडी हलवायची की पट्टे पुन्हा मारायचे की पाहुण्यांना बंदी, आणि रात्री साडेअकराला गच्चीच्या चावीवर भांडण. तुम्ही या प्रश्नाच्या खोलात जाऊ नका. गेलात तर विचार करावा लागेल.

हातातला शेवटचा पत्ता म्हणजे ‘आज याच्यावर घातली, उद्या कुणावर?’ ही घसरगुंडी. नेहमी उपयोगी. मात्र कुणी मेगा रेक्वाझाचं नाव काढलं तर गप्प बसा. सहाव्या पिढीतल्या या हिरव्या ड्रॅगनच्या गुणांची बेरीज ७८०. मेगा म्हणजे लढतीपुरतं घेतलेलं जास्त बलवान रूप. इतर मेगांना त्यासाठी हातात दगड धरावा लागतो. याला लागत नाही, म्हणून हातात दुसरी वस्तू घेऊन तो फिरतो. उबर्स हा बंदी घातलेल्यांचा वर्ग, आणि तिथूनही त्याला बाहेर काढावं लागलं. मग त्याच्यासाठी ‘एनीथिंग गोज’ नावाचं नवं अंगण आखून दिलं. आकाश मात्र कोसळलं नाही.

तर एवढं सगळं करून समजा मतदान झालं आणि बंदी आली. लगेच ‘अखेर खेळ निरोगी झाला’ असं लिहा आणि बंदीविरोधकांपैकी दोघा-चौघांना नावानिशी डिवचा. आठवडाभरात तुम्ही पुन्हा हरू लागाल, कारण टीम तीच आहे. त्या वेळी नवं नाव शोधत बसायला नको म्हणून पोकेमॉनच्या वापराच्या आकडेवारीवर लक्ष ठेवा. ती महिना बदलला की नव्याने येते. पहिल्या पाचांतलं कुठलंही नाव चालेल. फक्त तो तुमच्या स्वतःच्या टीममध्ये नाही ना, एवढं आधी बघून घ्या. असलाच, तर सहावा उचला.