मिनामाताही विसरू नये

जपानी अ‍ॅनिमेवरच्या (अ‍ॅनिमेशनपटांवरच्या) तुमच्या लेखात त्यांतल्या उद्ध्वस्त भविष्याचं मूळ फक्त हिरोशिमा-नागासाकीच्या अणुबॉम्बमध्ये शोधलंय, ते मला अपुरं वाटतं. 'अकिरा' या चित्रपटाला (१९८८) ते लागू पडतं. सुरुवातीलाच टोकियो पांढऱ्या स्फोटात नाहीसं होतं. पण दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या 'नौसिका' या चित्रपटामागे (१९८४) जपानमधला मिनामाताचा उपसागरही आहे. तिथे कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे मासे विषारी झाले, ते खाणारी माणसं कायमची अधू झाली, कित्येक दगावली. म्हणूनच 'नौसिका'तलं विषारी जंगल इतकं वेगळं आहे. माणसं ते जाळायला निघतात आणि तेच जंगल जमिनीतलं विष शोषून खाली स्वच्छ पाणी साठवत असतं! हा उलगडा होतो तो प्रसंग मला अख्ख्या चित्रपटात सर्वांत मोलाचा वाटतो. त्यावर लेखात एखादा परिच्छेद हवाच होता.